पडद्यावरची देवी आणि मधले काही सेकंद

१७ ऑक्टोबर २०२० ला घटस्थापना झाली तेव्हा तुळजापुरात भाविक नव्हते. राज्यातली देवळं मार्चपासून बंद होती, ती उघडली दिवाळीच्या पाडव्याला, १६ नोव्हेंबरला. शारदीय नवरात्र, दसऱ्याचं सीमोल्लंघन आणि कोजागरी पौर्णिमा हे सगळं त्या वर्षी गर्दीविना पार पडलं. एरवी या पौर्णिमेला सोलापूर ते तुळजापूर हा पंचेचाळीसेक किलोमीटरचा रस्ता चालत येणाऱ्यांनी फुललेला असतो. कर्नाटकातून, तेलंगणातून कवड्यांच्या माळा घातलेले आराधी येतात. त्या वर्षी रस्ता मोकळा राहिला. पूजेत मात्र खंड नव्हता. पहाटेचं चरणतीर्थ, सकाळ-संध्याकाळचा अभिषेक, रात्रीची प्रक्षाळ ठरल्या वेळी होत राहिली, आणि घरी अडकलेल्या भक्ताला ती पाहण्याचा मार्ग उरला तो मोबाइलच्या पडद्याचा.

संकेतस्थळावरचं थेट दर्शन त्याआधीही होतं. शिर्डी, पंढरपूर, कोल्हापूर, सिद्धिविनायक, तुळजापूर, सगळीकडे ते हळूहळू आलं होतं. पण तोवर ती जादाची सोय होती. त्या वर्षी ती एकमेव सोय झाली, आणि दोन प्रश्न एकाच जागी येऊन भिडले. पान बांधणाऱ्या तंत्रज्ञाचा प्रश्न असा की चित्र न अडखळता कसं चालेल. भक्ताचा प्रश्न असा की हे पाहून दर्शन घडलं का. पहिला प्रश्न यंत्राचा आणि दुसरा श्रद्धेचा, अशी वाटणी करून दोघांना आपापल्या घरी पाठवणं सोपं आहे. पण चित्र सलग चालावं म्हणून यंत्र जे करतं ते समजून घेतलं, तर श्रद्धेच्या प्रश्नाची बरीचशी गाठ तिथेच बसलेली दिसते.

गाभाऱ्यातला कॅमेरा सेकंदाला पंचवीस चित्रं टिपतो. एक हजार ऐंशी ओळींची ती चित्रं जशीच्या तशी पाठवायची तर दर सेकंदाला सहाशे मेगाबिटांच्या वर माहिती जाईल. तुळजापूरच्याच जिल्ह्यातल्या भूम किंवा परांड्याच्या एखाद्या गावात मोबाइलवर दोन-तीन मेगाबिट नीट मिळाले तरी पुष्कळ. म्हणून चित्र आवळावं लागतं. त्याची युक्ती अशी: दर दोनेक सेकंदांनी एक चित्र पूर्ण पाठवायचं आणि मधल्या चित्रांत फक्त जे बदललं तेवढं सांगायचं. गाभाऱ्यात बदलतं काय? निरांजनाची ज्योत हलते, पुजाऱ्याचा हात पुढे येतो, दह्यादुधाची धार मूर्तीवरून ओघळते. गंडकी शिळेची, सुमारे तीन फुटांची ती अष्टभुजा महिषासुरमर्दिनी मात्र निश्चल असते. त्यामुळे तिच्याबद्दल मधल्या काळात जवळपास काहीच पाठवलं जात नाही. भक्त ज्या मुखाकडे टक लावून बसलेला असतो ते मुख त्याच्यापर्यंत दर क्षणी नव्यानं येत नाही. दोन सेकंदांपूर्वी आलेलं मुख यंत्र पुढे चालू ठेवतं. जे स्थिर आहे ते गृहीत धरायचं आणि जे चंचल आहे त्यावर सगळी शक्ती खर्च करायची, असा या आवळण्याचा स्वभाव आहे. उपासनेचा स्वभाव नेमका याच्या उलट असतो. जोडणी कमजोर झाली की आधी बिघडतात काळ्या पाषाणातल्या बारीक छटा. डोळे, कपाळावरचं कुंकू, हातातली आयुधं चौकोनी ठिपक्यांत विरघळतात, आणि भक्त नेमकं तेच पाहायला आलेला असतो.

पुढची पायरी त्याहून महत्त्वाची आहे. आवळलेलं चित्र पाण्याच्या धारेसारखं वाहत येत नाही. त्याचे तुकडे पाडले जातात. ॲपलनं २००९ मध्ये आणलेली एचएलएस ही पद्धत आज सर्वत्र वापरली जाते. तिच्यात एक तुकडा साधारण सहा सेकंदांचा असावा अशी शिफारस आहे. प्रत्येक तुकडा तीन-चार दर्जांत तयार असतो, आणि भक्ताच्या फोनमधला प्लेअर जोडणीचा अंदाज घेत कधी वरचा तर कधी खालचा दर्जा उचलतो. शिवाय तो दोन-तीन तुकडे हाताशी जमवून ठेवल्याशिवाय चित्र सुरूच करत नाही. मराठवाड्यातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको: नळाला पाणी रोज येत नाही, म्हणून आलेल्या दिवशी रांजण भरून घ्यायचा आणि मग रोजचं काम न अडता चालवायचं. हा साठा जितका मोठा तितकं चित्र निर्धास्त चालतं. आणि साठा जितका मोठा तितकं ते मागचं असतं. सगळा हिशेब धरला तर पडद्यावरची आरती गाभाऱ्यातल्या आरतीच्या वीस-तीस सेकंद मागे चालते.

म्हणजे न अडखळणारं चित्र मिळतं ते उशिराच्या मोलानं. साठा न ठेवता अर्ध्या सेकंदात चित्र पोचवण्याच्या पद्धतीही आहेत. व्हिडिओ कॉल तसेच चालतात. पण जोडणी जरा डळमळली की त्यांत चित्र तुटतं, गोठतं. क्षणाशी जवळीक हवी की सलगपणा हवा, यातलं एक थोडं सोडल्याशिवाय दुसरं मिळत नाही. कळंबच्या एका घरात आणि पुण्याच्या दुसऱ्या घरात एकाच आरतीला टाळ्या पडतात, पण त्या एका क्षणी पडत नाहीत. गाभाऱ्यात तर तोवर कापूर विझतही आला असेल.

मग प्रश्न उभा राहतो: जे आधीच घडून गेलं आहे त्याला हात जोडणं म्हणजे नेमकं काय करणं?

भारतीय दर्शनांनी पाहण्याचा विचार फार बारकाईनं केला आहे. नैयायिकांच्या मते ज्ञान होण्यासाठी इंद्रियाचा आणि वस्तूचा संनिकर्ष, म्हणजे संपर्क, घडावा लागतो. डोळाही त्याला अपवाद नाही. डोळ्यातलं तेज बाहेर पडून वस्तूपर्यंत जातं आणि तिला स्पर्श करतं, अशी त्यांची मांडणी. बौद्ध विचारवंतांनी हे नाकारलं. डोळा दूरवरूनच जाणतो, त्याला वस्तूपर्यंत जावं लागत नाही, असं त्यांचं म्हणणं. आजच्या भौतिकशास्त्राला डोळ्यातून निघणारे किरण मान्य नाहीत, पण गाभाऱ्यासमोर उभ्या असलेल्या माणसाची भावना अजूनही नैयायिकांच्या बाजूची आहे. आपली नजर देवीच्या चरणांना लागली, असं त्याला वाटतं. या मोजमापानं पडद्यावर नजर लागते ती काचेला.

तरीही परंपरेनं मध्ये आलेली काच कधी नाकारलेली नाही. बंगालमधल्या दुर्गापूजेत मूर्ती मातीची असते; तिला न्हाऊ घातलं तर ती विरघळेल. म्हणून मूर्तीसमोर आरसा ठेवतात आणि आरशातल्या प्रतिबिंबाला महास्नान घालतात. तिथे कोणी म्हणत नाही की देवीचं स्नान झालंच नाही. ज्ञानेश्वरांनी ‘चांगदेव पासष्टी’त पाहणारा आणि पाहिलं जाणारं यांच्यातल्या भेदाचा विचार करताना आरसा आणि मुख यांचाच आधार घेतला, आरशामुळे मुखाला दुसरेपण येतं असं नव्हे, इथवर तो विचार जातो. आरशाचा हा दाखला पडद्यालाही लावावा असं मनात येतं. पण एक फरक उरतो. आरसा मूर्तीच्या समोर असतो, त्याच घटकेला असतो आणि मूर्ती हलवली की रिकामा होतो. आरशाला साठा करता येत नाही.

तर मग ते वीस-तीस सेकंद हाच दोष मानायचा का? तसं मानता येत नाही. सूर्याचा प्रकाश पृथ्वीवर यायला आठ मिनिटं आणि वीस सेकंदांच्या आसपास वेळ लागतो. नदीत उभं राहून अर्घ्य देणारा जो सूर्य पाहतो तो आठ मिनिटांपूर्वीचा आहे, आणि त्यामुळे त्याचं अर्घ्य कुणी कमी लेखत नाही. तो प्रकाश त्याच सूर्याचा, त्याच उगवतीचा असतो. वाटेत त्याला वेळ लागला इतकंच. गाभाऱ्यातून निघालेलं चित्रही त्याच पूजेचं असेल, तर अर्ध्या मिनिटाचा प्रवास त्याला खोटं करत नाही. उशीर हा अंतराचा धर्म आहे आणि भक्तीला अंतर नवीन नाही.

तुळजापूरच्या देवीच्या बाबतीत तर मुळीच नाही. शिवाजी महाराजांच्या काळात तुळजापूर आदिलशाही मुलुखात होतं आणि तिथवर जाणं सोपं नव्हतं. १६६१ मध्ये प्रतापगडावर भवानीची मूर्ती प्रतिष्ठापित झाली. घराघरांतल्या देव्हाऱ्यात देवीचा टाक असतो, आणि कुळाचार पाळणाऱ्या घरांत तो टाक अधूनमधून मूळ ठाण्याला नेऊन भेटवून आणायची रीत आहे. पुढे छापखाना आला. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापाचा कारखाना काढला आणि रंगीत देव भिंतीवर आले. १९१७ मध्ये फाळक्यांच्या ‘लंका दहन’मध्ये पडद्यावर राम दिसताच प्रेक्षक पायातलं काढून हात जोडत, असं सांगितलं जातं. २५ जानेवारी १९८७ ला दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झालं तेव्हा लोक अंघोळ करून बसत, संचाला हार घालत, उदबत्ती लावत. यांत कुठेही मूळ ठाण्यातली देवता समोर नव्हती, आणि शेवटच्या दोन उदाहरणांत तर ती नटांनी उभी केलेली होती.

या मालिकेत थेट दर्शन कुठे बसतं? प्रतापगडच्या मूर्तीला प्राणप्रतिष्ठा झालेली आहे. ती स्वतःच देवी आहे, तुळजापूरची छाया नाही. टाकाचंही तसंच. पडद्यावरच्या चित्राला प्रतिष्ठा नाही, विसर्जनही नाही. कळ दाबली की ते जातं आणि त्यात पाप नाही. पण टाकाजवळ जे नाही ते त्याच्याजवळ आहे: गाभाऱ्यात आत्ता चाललेल्या पूजेशी त्याचा धागा जोडलेला आहे. टाक अधूनमधून भेटीला जातो. हे चित्र मूळ ठाण्यापासून तुटतच नाही. त्याचं सगळं मोल या धाग्यात आहे. छापील तसबीर सुंदर असली तर पुरते. थेट चित्राला सुंदर असून भागत नाही, त्याला खरं असावं लागतं.

भक्त देवीला पाहतो आणि देवी भक्ताला पाहते, अशा दोन नजरांच्या भेटीवर अमेरिकी अभ्यासक डायना एक यांनी १९८१ मध्ये एक छोटं पुस्तक लिहिलं आणि ते जगभर वाचलं गेलं. त्या चौकटीतून पाहिलं की पहिला आक्षेप येतो: पडद्यावरून देवी भक्ताला कशी पाहणार? कॅमेऱ्याची वाट एकेरी आहे. पण हा आक्षेप श्रद्धेच्या आतून फार टिकत नाही. ज्या जगदंबेला सर्वव्यापी म्हणायचं, तिला कळंबमधला भक्त दिसायला कॅमेरा कशाला हवा? देवीची बाजू यंत्रावर अवलंबून नाही असं एकदा मानलं की पडद्याचा प्रश्न निम्मा होतो. उरते ती माणसाची बाजू, आणि अडचण खरी तिथे आहे.

तुळजापुरात माणूस नुसता पाहायला जात नाही. तो महाद्वारातून पायऱ्या उतरत खाली जातो, कल्लोळ आणि गोमुख तीर्थांवर हातपाय धुतो, रांगेत ताटकळतो, ओटी भरतो, परडी भरतो, कुणी जोगवा मागतो, कुणी नवस फेडायला दंडवत घालत येतो. गोंधळ्याचं संबळ ऐकून अंगात शहारा येतो तो वेगळाच. पाहणं या सगळ्याच्या टोकाशी येतं आणि काही क्षणांत संपतं. पडद्यानं ते टोक तेवढं कापून दिलं आणि कितीही लांबवलं. पाहणाऱ्यानं त्यात काही घातलेलं नसतं, आणि मध्येच उठून जायला त्याला काहीच लागत नाही. ‘रामायण’ पाहणाऱ्यांनी अंघोळ केली, हार घातला, उदबत्ती लावली, ते याच कारणानं फार शहाणपणाचं होतं. पडद्याकडून जे मिळत नव्हतं ते त्यांनी आपल्याकडून पुरवलं. २०२० च्या नवरात्रात घरी घट बसवून, ठरल्या वेळी निरांजन लावून फोनसमोर बसलेल्या माणसाच्या दर्शनाला उणं म्हणायचा अधिकार कुणाला नाही.

एका गोष्टीची मात्र धास्ती वाटावी. दूरवरून मिळणारं दर्शन हे सवलत म्हणून आलं तरी त्याचा अडसर होऊ शकतो. चोखामेळ्याला पंढरीच्या मंदिराबाहेर उभं राहावं लागलं, कारण त्याला आत येऊ दिलं जात नव्हतं. ते दार सगळ्यांसाठी उघडावं म्हणून साने गुरुजींना १ ते १० मे १९४७ असं उपोषण करावं लागलं. कुणाचं दूर असणं वयामुळे, आजारामुळे, परदेशातल्या नोकरीमुळे असतं. कुणाला दूर ठेवलेलं असतं. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला पायऱ्या उतरता येत नाहीत म्हणून “तुम्ही ऑनलाइन बघा की” असं सांगितलं गेलं, तर तो पडदा मदतीचा राहिला नाही. उतार बांधायचा राहून जावा आणि त्याच्या जागी जोडणी दिली जावी, हे कुठल्याही देवस्थानाला शोभणारं नाही.

आता पुन्हा सलगपणाकडे. जोडणी अपुरी असेल तेव्हा काय वाचवायचं, चित्र की आवाज? बहुतेक पानं चित्र वाचवायला धडपडतात आणि दोन्ही अडखळतात. साधा हिशेब पाहावा. चांगला ऐकू येईल असा आवाज सेकंदाला चौसष्ट किलोबिटांत जातो. तासभराची आरती आणि गोंधळ एकोणतीस मेगाबाइटांच्या आत बसतो. मध्यम दर्जाचं चित्र सेकंदाला एक मेगाबिट धरलं तरी तासाला साडेचारशे मेगाबाइट खातं. चित्र पळभर गोठलं तर डोळा सावरून घेतो, पण आरतीची ओळ मध्येच तुटली की मनही तुटतं. आणि इथे परंपरा अनपेक्षितपणे तंत्रज्ञाच्या मदतीला येते. नवविधा भक्तीत पहिली भक्ती श्रवणाची आहे. ‘दासबोधा’च्या चौथ्या दशकाची सुरुवात तिथूनच होते. श्रवण, कीर्तन, स्मरण, पादसेवन, अर्चन, वंदन, दास्य, सख्य, आत्मनिवेदन: या नवांत पाहणं हे वेगळी भक्ती म्हणून येतच नाही. डोळ्यांनी अधू असलेल्या आजीला हे कुणी सांगावं लागत नाही. संबळाचा ठेका आणि आरतीचा गजर अखंड पोचवणारं आणि चित्र जमेल तसं दाखवणारं पान हे तांत्रिक तडजोड वाटेल, पण भक्तीच्या क्रमाला तेच अधिक धरून आहे. ‘फक्त ऐका’ अशी एक कळ प्रत्येक देवस्थानाच्या पानावर, चित्राच्या वर, मोठ्या अक्षरांत असायला हवी.

एप्रिल २०१८ पासून क्रोम ब्राउझरनं पान उघडताच आपोआप आवाज सुरू करणारे व्हिडिओ अडवायला सुरुवात केली. त्यामुळे पान उघडलं की देवी दिसते ती निःशब्द. आवाज हवा तर भक्तानं स्वतः बोट ठेवावं लागतं. काहींना ही त्रुटी वाटते आणि तिच्यावर पळवाटा शोधल्या जातात. त्या शोधू नयेत. माणसानं आपण होऊन आरती सुरू करणं, एवढी तरी कृती त्याच्याकडे राहू द्यावी. चित्राचंही तसंच करता येतं: आधी एक हलकी स्थिर प्रतिमा दाखवायची आणि भक्तानं स्पर्श केल्यावरच जड व्हिडिओ आणायचा. पान झटकन उघडतं, पाहायचं नसेल त्याचा डेटा जात नाही.

सगळ्यात अवघड प्रश्न याच्याही पुढे आहे, आणि तो तुळजापूरसारखा दुसरीकडे क्वचितच पडेल. तुळजाभवानीची मूर्ती चल आहे. वर्षातून तीनदा ती सिंहासनावरून उतरते आणि शेजघरात पलंगावर निद्रा घेते: शारदीय नवरात्रापूर्वीची घोर निद्रा, दसऱ्यानंतर पौर्णिमेपर्यंतची श्रम निद्रा आणि पौषातल्या शाकंभरी नवरात्रापूर्वीची मोह निद्रा. मंचकी निद्रा म्हणतात तिला. महिषासुराशी युद्ध करून थकलेली देवी विसावते, ही त्यामागची श्रद्धा. त्या दिवसांत सिंहासन रिकामं असतं आणि रोजचा अभिषेक होत नाही. दसऱ्याच्या पहाटे ती गाभाऱ्याबाहेर येऊन पालखीत बसते, नगरजवळच्या बुऱ्हाणनगरहून आलेल्या पालखीत, आणि सीमोल्लंघन करून मग निजते. सिंहासनाकडे रोखून बसवलेल्या कॅमेऱ्यानं या काळात काय दाखवावं?

तंत्राच्या दृष्टीनं उत्तर अगदी सोपं आहे. थेट प्रवाह थांबला, वीज गेली, कॅमेरा बिघडला की मागे साठवलेलं चित्रण आपोआप सुरू करता येतं. पाहणाऱ्याला सांधा कळतही नाही. मूर्ती निश्चल, प्रकाश तोच, कॅमेऱ्याची जागा तीच. कालचा अभिषेक आज दाखवला तर ओळखणार कोण? व्हिडिओ सलग चालवण्याच्या शास्त्रात ही चांगली सोयच समजली जाते. खेळाच्या सामन्यात किंवा बातम्यांत तिच्यानं फारसं बिघडत नाही. इथे मात्र ती घात करते.

सूर्याचा दाखला पुन्हा तपासला की कारण दिसतं. अर्ध्या मिनिटानं पोचलेली आरती आणि एका दिवसानं पोचलेली आरती यांत फरक सेकंदांचा नाही. पहिली ज्या तिथीची, ज्या घटकेची, त्याच तिथीला भक्त हात जोडतो. दुसरीत हात जोडले जातात आज आणि पूजा असते काल झालेली, आणि भक्ताला ते ठाऊक नसतं. आपल्याकडे कुठलीही पूजा संकल्पानं सुरू होते, आणि संकल्पात आधी देश आणि काळ सांगावे लागतात: कुठल्या नदीच्या कुठल्या तीरावर, कुठलं संवत्सर, कुठला महिना, पक्ष, तिथी, वार. आपण कुठे आणि केव्हा उभे आहोत हे न सांगता देवतेला बोलावता येत नाही, इतका हा नेम पक्का. काळ लपवलेलं चित्रण हा नेमच मोडतं. साठवलेली आरती पाहण्यात वाईट काही नाही. लोक वर्षानुवर्षं कॅसेटवरच्या आरत्या ऐकत आले. तिला आत्ताची म्हणून दाखवणं वाईट आहे. सिंहासन रिकामं असताना तिथे देवी दाखवणारं पान तर देवीच्या निद्रेलाच मान देत नाही. मंदिरात गेलेल्या भक्ताला रिकामं सिंहासन दिसतं, तो ते समजून घेतो, निजलेल्या आईला हात जोडतो. घरी बसलेल्या भक्ताकडून तेवढी समज काढून घेण्याचं कारण नाही.

तुळजापूरच्याच जिल्ह्यात, तेरणेच्या काठी तेरला, गोरोबा कुंभारांची कथा घडली. चिखल तुडवताना विठ्ठलाच्या भजनात ते इतके रंगले की रांगत आलेलं मूल पायाखाली आलं ते त्यांना कळलं नाही. आतलं दर्शन क्षणभरही तुटलं नव्हतं, आणि समोरचं दिसलं नाही. कथा पुढे कृपेनं गोड होते, पण ज्यांनी ती जपली त्यांनी तिच्यातला पत्नीचा संताप गाळला नाही, मुलाचं मरण हलकं केलं नाही. न तुटणाऱ्या पाहण्याचं मोल दुसऱ्या कुणाला द्यावं लागू शकतं, हे तेरच्या लोकांनी या कथेत सांभाळून ठेवलं आहे. दिवसभर उशाशी चालू राहणाऱ्या देवीच्या चित्राबद्दल बोलताना ही कथा आठवावी. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला त्याचा आधार असतो, तो कुणी काढून घेऊ नये. पण बाकीच्यांसाठी प्रवाह चोवीस तास चालवण्याचा आग्रह कशाला? देवळाला दार आहे, ते रात्री लागतं. पानालाही लागू द्यावं.

आणखी दोन गोष्टी पान बांधणाऱ्यांच्या हातात आहेत. पहिली जाहिरातींची. फुकटच्या व्यासपीठावर व्हिडिओ ठेवून तो आपल्या पानात बसवणं स्वस्त पडतं आणि लाखोंची गर्दी झाली तरी कोसळत नाही. नवरात्रात ते महत्त्वाचं आहे. पण आरतीआधी काय दिसेल आणि आरती संपल्यावर शेजारी कुठले व्हिडिओ सुचवले जातील हे व्यासपीठ ठरवतं. गाभाऱ्याच्या दाराशी कुणाला दुकान मांडू द्यायचं हे जसं ठरवतात तसं इथेही ठरवलं पाहिजे, आणि त्यासाठी खर्च करावा लागला तर तो पूजेच्या खर्चातला धरावा. दुसरी गोष्ट कॅमेऱ्याच्या चौकटीत येणाऱ्या भक्तांची. कुणी देवीसमोर येऊन रडतं, कुणी लेकरू पायावर घालतं. ते देवीसाठी असतं, जगासाठी नसतं. चौकट सिंहासनापुरती घट्ट ठेवली तर पाहणाऱ्याचं काही जात नाही आणि आवळायला सोपं चित्र मिळून डेटाही वाचतो.

राहता राहिलं पानावरचं लिखाण. चित्राखाली एक ओळ असावी: आजची तिथी, आत्ता कुठला उपचार चालू आहे, आणि हे चित्र सुमारे किती सेकंद मागे आहे. निद्राकाळात त्या जागी निद्रेचं नाव आणि देवी सिंहासनावर येण्याचा दिवस लिहावा. जुनं चित्रण ठेवायचं तर वेगळ्या कळीखाली, तारखेसह. ही ओळ चित्रात न कोरता साध्या मजकुरात असावी, म्हणजे पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या अंध भक्ताला ती ऐकू येईल आणि जोडणी अगदीच गेली तरी तेवढी तरी उघडेल. तिचं वजन दोनशे बाइटांच्या आसपास भरेल.